ब्लीच आणि स्ट्रेटनरने गेलेले बारीक केस: काय वाचवता येईल?

अबोली_फोंडा

मंडळी, सल्ला हवाय. शक्यतो ज्यांनी स्वतः यातून केस काढलेत त्यांचा.

माझे केस मुळातच बारीक. संख्येने भरपूर आहेत, पण एकेक केस इतका तलम की वेणी घातली तरी हाताला काही लागत नाही. लांबी पाठीच्या मध्यापर्यंत. मार्चमध्ये नणंदेच्या लग्नाआधी पार्लरमध्ये ब्लीच करून राखाडी-सोनेरी रंग घेतला. पहिल्या ब्लीचने केस नारिंगी झाले म्हणून त्याच बैठकीत दुसऱ्यांदा ब्लीच केलं. त्यात मी हॉटेलात फ्रंट ऑफिसला, केस नीटनेटके लागतातच, म्हणून रोज सकाळी ड्यूटीआधी स्ट्रेटनर २२० वर.

आताची स्थिती अशी: ओला केस दोन बोटांत धरून ताणला तर लांबतच जातो, सोडल्यावर मागे येत नाही आणि मग तुटतो. टोकांपासून वीतभर वर पांढरे ठिपके दिसतात, बरोबर तिथेच मोडतात. माथ्यावर बोटभर लांबीचे तुकडे उभे राहतात. आणि या पावसात घरातून बसस्टँड गाठेपर्यंत सगळे फुलून येतात ते वेगळंच.

पार्लरवाली म्हणते केराटिन कर, ती केस सरळ करायची ट्रीटमेंट. सासूबाई म्हणतात खोबरेल लाव. मैत्रीण म्हणते ओलाप्लेक्स, ते केसांचे तुटलेले बंध जोडायला लावतात. तिन्ही करायला पैसे नाहीत, आणि चुकीचं निवडलं तर उरलेलेही जातील अशी भीती वाटते. कुठून सुरू करू?

केपेची_वहिनी

अबोली, पहिलं ते स्ट्रेटनर कपाटात टाक बाय. मग सासूबाईंचं ऐक.

खोबरेल मात्र घाण्याचं हवं, ताजं, वास ओळखता येईल असं. आमच्या कुळागरातले (बागायतीतले) नारळ सुकवून आम्ही घाण्यावर नेतो, वर्षभराचं तेल होतं. रात्री लावायचं, सैल वेणी घालायची, सकाळी धुवायचं. लेकीचे केस बेंगळुरूहून असेच होऊन आले होते, ती आता महिना-दीड महिना इथे राहिली की तिच्या केसांना मऊपणा येतो.

पर्वरीची_स्नेहा

वहिनी, तेल वाईट असं मी म्हणत नाही. पण अबोलीचा केस ओला असताना लांबून मागे येत नाहीये, म्हणजे नुकसान आतपर्यंत गेलंय. तेलाने तुटलेले बंध जोडले जात नाहीत. तिला ओलाप्लेक्ससारखी, बंध जोडणारी बाँड ट्रीटमेंटच हवी. मीही ब्लीचवाली आहे, मला फरक पडला तो त्यानेच.

फक्त एक लक्षात घे अबोली, ओलाप्लेक्स नंबर ३ हे कंडिशनर नव्हे. शांपूच्या आधी ओलसर केसांना लावायचं, किमान दहा मिनिटं ठेवायचं, मग शांपू आणि कंडिशनर. बऱ्याच जणी ते शेवटी लावतात आणि म्हणतात काही झालं नाही.

मडगावचो_दादा

कापून टाक. केस परत येतात.

पर्वरीची_स्नेहा

दादा, महिन्याला एक-सव्वा सेंटिमीटर या वेगाने येतात. पाठीच्या मध्यापर्यंत पोचायला तीन वर्षं. इतकं सोपं असतं तर तिने विचारलंच नसतं.

कट्ट्यावरचा_रसायनवाला

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. केसांचा व्यवसाय माझा नाही, पण केसात काय घडतं ते सांगू शकतो. ते कळलं की तेल की ओलाप्लेक्स हा वाद निम्मा मिटेल.

केसाच्या बाहेरच्या अंगाला खवल्यांचे थर असतात, आपल्या घरांच्या कौलांसारखे एकावर एक, उतार टोकाकडे. सगळ्यांत वर एका मेदाम्लाचा अतिशय पातळ थर असतो, त्यामुळे केस घसरतो आणि पाणी पटकन आत शिरत नाही. ब्लीच म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि परसल्फेट, तेही चांगल्याच अल्कली माध्यमात. अल्कलीने केस फुगतो, खवले उचलले जातात, पेरॉक्साइड आत जाऊन मेलॅनिन, म्हणजे केसाचं रंगद्रव्य, तोडतो. जाता जाता तो दोन गोष्टी आणखी करतो. तो वरचा मेदाचा थर काढून टाकतो, आणि केराटिनच्या (केस ज्याचा बनतो त्या प्रथिनाच्या, पार्लरची ट्रीटमेंट नव्हे) साखळ्यांना धरून ठेवणारे डायसल्फाइड बंध तोडतो. अबोलीचा केस ओला असताना लांबतो तो या दुसऱ्या कारणाने, आणि कोरडा असताना गुंततो तो पहिल्या.

डेव्हलपरवर, म्हणजे ब्लीचमध्ये मिसळायच्या पेरॉक्साइडच्या बाटलीवर, २० व्हॉल्यूम लिहिलं असेल तर त्यात ६ टक्के पेरॉक्साइड, ३० ला ९, ४० ला १२. बारीक केसाचा व्यास कमी, खवल्यांचे थरही कमी, त्यामुळे जे जाड केसाला पेलतं ते याला पेलत नाही. एकाच बैठकीत दोनदा ब्लीच हे बारीक केसावर फारच झालं.

आता उष्णता. कोरड्या केसातलं केराटिन २०० अंशांच्या वर बिघडायला लागतं. ओल्या केसात मात्र ते १५० च्या आसपासच होतं, आणि ब्लीच केलेल्यात त्याहूनही आधी. शिवाय ओलसर केसावर तापलेली पट्टी फिरवली की आतल्या पाण्याची जागच्या जागी वाफ होते आणि केसात पोकळ फुगे तयार होतात. तिथे तो मोडणारच. 'चर्र' असा आवाज येत असेल तर तो हाच प्रकार.

केस मृत ऊतक आहे. त्वचेसारखा तो भरून येत नाही. त्यामुळे 'रिपेअर' लिहिलेलं जे काही मिळतं ते एकतर वरचा थर तात्पुरता भरून काढतं, किंवा आतल्या बंधांना थोडा आधार देतं, किंवा पुढचं नुकसान थांबवतं. तिन्ही उपयोगाचे आहेत. जुना केस मात्र नवा होत नाही.

खोबरेलाबद्दल: २००३ साली भारतातच झालेला एक अभ्यास आहे. खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुण्याआधी आणि धुतल्यानंतर लावून पाहिलं, आणि केसातून प्रथिन निघून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. ब्लीच केलेल्या केसातही. त्यातलं लॉरिक आम्ल सरळ साखळीचं आणि लहान आहे, म्हणून आत शिरतं. तेव्हा वहिनींचंही बरोबर आणि स्नेहाचंही. तेल गळती थांबवतं, तुटलेलं जोडत नाही.

केपेची_वहिनी

मास्तर, देव बरें करूं. म्हणजे आमची आजी बरोबरच होती, धुण्याच्या आधीच लावायला सांगायची.

कात्रीवाली_म्हापसा

मी याच कामात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अबोली, आधी एक कर. कोरडे केस काळ्या कापडावर पसरून उजेडात बघ. पांढरा ठिपका दिसतो तिथे नखाने हळूच चाचपून बघ, तिथे केस किंचित फुगलेला लागेल. त्या जागी आतले तंतू बाहेर पसरलेले असतात. ते कशानेही बसत नाहीत. ठिपका कुठपर्यंत चढलाय ते बघ, कारण तुझी कापायची रेषा तिथे आहे. दादा म्हणतात तसं सगळे कापायची गरज नाही, पण टोकं मात्र गेलीच पाहिजेत. फुटलेलं टोक वर वर फाटत जातं आणि चांगल्या केसालाही सोडत नाही. दर आठ-दहा आठवड्यांनी थोडं थोडं काप. लेअर्स करू नकोस. बारीक केसात लेअर्स केले की खालची टोकं अजून विरळ दिसतात. एका रेषेत बोथट कापले की आहेत तेवढेच केस दाट दिसतात.

दुसरं, केराटिनचं. हे मी मनापासून सांगते, आमच्या धंद्यातल्या काहींना आवडणार नाही. तुझ्या केसांवर आत्ता केराटिन करू नकोस. नाव केराटिन असलं तरी केस सरळ होतात ते फॉर्मल्डिहाइडने किंवा ग्लायऑक्सिलिक ॲसिडने, आणि ते बसवायला दोनशेच्या वर तापलेली पट्टी एकेका बटेवरून पुन्हा पुन्हा फिरवावी लागते. ब्लीच झालेल्या बारीक केसाला तेच तर नकोय. पहिले दोन आठवडे चकाकतात, मग उतरलं की तुकडे पडतात. आमच्याकडे अशा किती तरी मुली रडत येतात.

तिसरं, पुढच्या वेळी कुणीही ब्लीच लावायच्या आधी मानेजवळची एक बट वेगळी घेऊन तिच्यावर करून दाखवायला सांगायचं. जी पार्लरवाली हे करत नाही तिच्याकडून उठून यायचं. नारिंगी आला तर त्यावर टोनर (नको असलेली झाक मारणारा रंग) असतो, किंवा काही आठवडे थांबायचं. त्याच दिवशी पुन्हा ब्लीच हा उपाय नसतो.

कट्ट्यावरचा_रसायनवाला

कात्रीवालीताईंच्या केराटिनच्या मुद्द्याला जोड. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोगकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच ठरवलंय. आणि 'फॉर्मल्डिहाइड नाही' असं लिहून जे विकतात त्यात पुष्कळदा ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका तरुण मुलीचं प्रकरण प्रसिद्ध केलं. ते क्रीम लावून केस सरळ केल्यावर प्रत्येक वेळी तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली होती. त्वचेतून आत जाऊन त्याचं ऑक्सलेट होतं आणि मूत्रपिंडात स्फटिक साचतात. ब्लीचने टाळू भाजलेली असेल तर अजूनच नको.

डिचोलीचा_विहीरवाला

कुणी पाण्याचं बोललं नाही. अबोली, पाणी नळाचं की बोअरिंगचं? आमच्या भागात जांभा दगड आणि लोहखनिज, बोअरिंगचं पाणी बादलीत रात्रभर ठेवलं की तळाला तांबूस साका बसतो. बायकोचे रंगवलेले केस त्या पाण्याने राठ आणि तांबूस व्हायचे, आम्ही रंगालाच दोष द्यायचो.

कात्रीवाली_म्हापसा

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. ब्लीच झालेला केस धातू पटकन धरतो, मग लोह असो की तांबं. आणि त्यावर पुन्हा पेरॉक्साइड लावलं तर केस तापतो सुद्धा, वाफ येताना मी पाहिलंय. ईडीटीए असलेला चेलेटिंग शांपू, म्हणजे धातू धरून काढणारा, महिन्यातून एकदा पुरतो, त्यानंतर कंडिशनर भरपूर. रोज वापरायची वस्तू नाही ती. शेवटचं पाणी नळाचं किंवा पावसाचं घेता आलं तर उत्तमच.

कोलव्याचा_पोहणारा

पाण्याचा विषय निघालाच आहे तर. मुलांना पोहायला शिकवतो. ब्लीच केलेल्या केसांच्या मुली तलावात उतरल्या की कधीकधी केसांवर हिरवट झाक येते, ती पाण्यातल्या तांब्याची. उतरायच्या आधी साध्या पाण्याने केस पूर्ण भिजवून थोडं कंडिशनर लावायचं, म्हणजे केस तलावाचं पाणी कमी पितो. वर टोपी. समुद्रालाही हेच. मीठ आणि ऊन दोन्ही मिळून केसाचं वाटोळं करतात, फक्त आत्ता पावसाळ्यात दर्याकडे जायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

रंगमंचामागे

जरा वेगळं, पण उपयोगी पडेल. आम्ही गावच्या जत्रेत नाटक करतो, गोव्याच्या कला अकादमीच्या स्पर्धेतही उतरलोय. ऐतिहासिक भूमिकेला टोप (खोटे केस) लावायचा म्हणजे आपले केस चापून बसवावे लागतात. पूर्वी आम्ही केस ओले करून घट्ट ओढून पिना मारायचो. दोन-तीन प्रयोगांनंतर कानांच्या वरचे केस तुटायचे. आमच्या रंगभूषेच्या मावशींनी पद्धत बदलायला लावली: केस पूर्ण कोरडे, दोन सैल चपट्या वेण्या, त्या डोक्याभोवती गुंडाळायच्या, वर सुती पट्टी, पिना फक्त पट्टीला, केसांना नाही. तासन्‌तास टोप असूनही आता केस तुटत नाहीत. अबोलीला ड्यूटीवर केस बसवायचे असतील तर तत्त्व हेच.

शेवंती१२

टोपांचा वेगळा धागा काढा हो कुणीतरी, मला जुन्या नाटकांच्या रंगभूषेबद्दल खूप विचारायचंय.

अबोली_फोंडा

इतकं सगळं! मनापासून आभार. पाणी नळाचंच आहे, फक्त नळ गेला की विहिरीचं.

केराटिन नाही हे पटलं. आता दोन गोष्टी राहतात. एक, सकाळची सहाची ड्यूटी असते, केस बसवल्याशिवाय उभं राहता येत नाही, मग स्ट्रेटनर सोडून करू काय? दोन, तुटणं जास्त की गळणं जास्त हे मला कळत नाही. न्हाणीघरात जाळीवर गुंता असतो तो बघून जीव घाबरा होतो.

बांबोळीची_परिचारिका

दुसऱ्याचं सांगते. जाळीवरचे केस उचलून पांढऱ्या कागदावर ठेव. ज्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा दाणा आहे आणि लांबी पूर्ण आहे, तो मुळापासून आलाय. दाणा नाही, लांबी तोकडी, तो तुटलेला. तुटलेले जास्त असतील तर इथे जे बोललं जातंय ते पुरेसं आहे. दाण्याचे केस रोज ओंजळभर येत असतील तर तेल-क्रीमवर वेळ घालवू नकोस. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घे आणि त्वचारोगाच्या ओपीडीत दाखव, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा तुझ्या जवळ कुठेही. लग्नाची धावपळ, मोठा ताप, बाळंतपण यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुळापासून गळतात, ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं. आणि टाळूला जळजळ, खपली किंवा पाणी सुटत असेल तर त्या जागी काहीही लावू नकोस, तेलसुद्धा.

निवृत्त_फ्रंटडेस्क

पहिल्याचं मी सांगते, आयुष्य त्याच काउंटरमागे गेलं. हॉटेलांच्या ग्रूमिंगच्या नियमात केस 'नीट बांधलेले' असं असतं, 'सरळ' असं सहसा नसतं. एकदा सुपरवायझरला स्पष्ट विचारून घे.

मग आदल्या संध्याकाळी केस धू. पहाटे धुवून ओल्यावर अंबाडा घालायचा नाही, इथल्या हवेत तो दुपारपर्यंत आत ओलाच राहतो, वासही येतो आणि ओला केस ताणाने लवकर तुटतो. सकाळी फक्त वरच्या भागावर पाण्याचा हात, त्यावर वाटाण्याएवढं लीव्ह-इन (न धुता ठेवायचं) क्रीम, मानेवर सैल अंबाडा, यू-पिना, वर जाळी. रबर नको. भांग दर काही दिवसांनी इकडेतिकडे सरकव, म्हणजे ताण एकाच जागी येत नाही. माथ्यावरचे उभे तुकडे बसवायला जुन्या मऊ टूथब्रशवर जरासं कोरफडीचं जेल घेऊन फिरवायचं. सणासुदीला अंबाड्याभोवती अबोलीच्या फुलांचा वळेसर (गजरा) बांधला तर पाहुणे विचारायला येतात.

कट्ट्यावरचा_रसायनवाला

शिवाय जुलैत स्ट्रेटनर वापरून पदरात काही पडत नाही. इस्त्रीने केस सरळ राहतो तो हायड्रोजन बंधांमुळे, आणि ते हवेतल्या ओलाव्याने सुटतात. फोंड्यातल्या पावसाळी हवेत बसस्टँडपर्यंत जाईपर्यंत सुटतात हे अबोलीने स्वतःच लिहिलंय. नुकसान कायमचं, आकार तासाभराचा.

वाळवण्याबद्दल एक: पावसाळ्यात केस तासन्‌तास ओले राहणं हेही चांगलं नाही. २०११ मध्ये कोरियात झालेल्या अभ्यासात ड्रायर साधारण १५ सेंटिमीटर लांब धरून सतत हलवत वाळवलेल्या केसांची आतली हानी नुसत्या हवेवर वाळवलेल्यांपेक्षा कमी दिसली. जवळून, गरम हवेने वाळवलेल्यांचा पृष्ठभाग मात्र खराब झाला. तेव्हा आधी जुन्या सुती कापडाने टिपून घ्या, चोळू नका, मग लांबून कोमट हवा.

साखळीची_मीनल

अंडं, दही, मेथी यांचं काय? घरात सगळं असतंच. आगळाचं, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाचं, पाणीही ऐकलंय.

कट्ट्यावरचा_रसायनवाला

अंड्यातलं प्रथिन केसात शिरण्याइतकं लहान नाही, वर बसतं आणि धुतलं की जातं. शांपूवर 'हायड्रोलाइज्ड' प्रथिन लिहिलेलं असतं ते तोडून लहान केलेलं असतं, त्याचा उपयोग होतो. तोही बेताने. बारीक केसाला प्रथिन जास्त झालं की तो कडक होऊन मोडतो. आम्ल पाण्याने खवले बसतात हे खरं, पण त्यासाठी साधा कंडिशनर पुरतो, तो आम्लच असतो. आगळ आमटीत घाला.

केपेची_वहिनी

मेथीचं मी मानत नाही तुमचं. भिजवलेल्या मेथीचा बुळबुळीतपणा केसांना येतो तो मी हाताने अनुभवलाय, गुंता सुटतो. प्रयोगशाळेत दिसत नसेल.

कट्ट्यावरचा_रसायनवाला

वहिनी, तो चिकट द्रव केसावर थर देतो आणि गुंता सुटतो, यात मला शंका नाही. फक्त नीट धुवून काढा, बारीक केसात कण अडकतात आणि काढताना केस तुटतात.

कात्रीवाली_म्हापसा

मूळ प्रश्नाकडे येते, कारण अबोलीने 'कुठून सुरू करू' असं विचारलंय. माझ्या मते क्रम असा: पहिल्यांदा स्ट्रेटनर बंद आणि कापणी, या दोन्हींना जवळजवळ पैसे लागत नाहीत. मग चांगला कंडिशनर. लेबलवर बेहेनट्रायमोनियम किंवा अमोडायमेथिकोन बघ. खराब झालेल्या जागी केसावर ऋण भार जास्त असतो, ही द्रव्यं नेमकी तिथेच चिकटतात. मुळापासून नको, कानांच्या खाली. मग आठवड्यातून एकदा धुण्याच्या तासभर आधी खोबरेल, तेही चमचाभरच, बारीक केसाला वाटीभर लावलं तर ते काढायला दोनदा शांपू करावा लागतो आणि सगळं मुसळ केरात.

हे दोन महिने करून बघ. तरीही ओला केस तसाच लांबत असेल तर मग स्नेहा म्हणते ती बाँड ट्रीटमेंट घे, छोटी बाटली पुष्कळ टिकते.

पर्वरीची_स्नेहा

ताई, एवढंच म्हणेन की तिने दोन महिने थांबू नये. ओला केस मागे येत नाहीये म्हणजे रोज तुटतोय. मी तिच्या जागी असते तर कापणीच्याच आठवड्यात सुरू केलं असतं. पार्लरच्या केराटिनपेक्षा पुष्कळच स्वस्त पडतं.

कात्रीवाली_म्हापसा

परवडत असेल तर माझी हरकत नाही, स्नेहा. फक्त कापायच्या आधी घेऊ नकोस अबोली, जी टोकं जाणार आहेत त्यांच्यावर ते वाया जाईल.

अबोली_फोंडा

जाळीवरचे केस कागदावर ठेवून पाहिले. जवळजवळ सगळे तुकडे, दाण्याचे अगदी थोडे. जीव भांड्यात पडला. काळ्या कापडावर ठिपके खांद्याच्या खाली चार बोटांपर्यंत चढलेत, म्हणजे बरेच जाणार.

कात्रीवालीताई, शनिवारी सुट्टी आहे, म्हापशाला येऊ शकते. केस धुवून येऊ की तेल लावून? आणि मुळाशी आता काळे दिसायला लागलेत, चतुर्थीला सगळे घरी येतात तोपर्यंत खालचे परत गडद करून घेतले तर चालेल का? गडद करायला ब्लीच लागत नाही ना?

कात्रीवाली_म्हापसा

ब्लीच लागत नाही. पण थेट काळा लावायचा नाही, ब्लीच केलेल्या केसातले उबदार रंग निघून गेलेले असतात, काळ्यावर हिरवट-राखी झाक येते आणि ठिकठिकाणी उतरतो. आधी तांबूस-सोनेरी भरून घ्यायचं, मग तुझ्या मुळांपेक्षा थोडा फिकट तपकिरी. अमोनिया आणि पेरॉक्साइड नसलेला सेमी-पर्मनंट घेऊ, दोन-चार आठवड्यांत फिका होतो पण केसाला इजा करत नाही. चतुर्थीच्या आठवडाभर आधी करू.

शनिवारी तेल न लावता, आदल्या दिवशी धुवून, पूर्ण कोरडे आणि मोकळे केस घेऊन ये. माझ्या विपूत (विचारपुशीत) निरोप टाक, वेळ ठरवू.